उघडल्याची तारीख

बाटली कोनाड्यात होती,
आगपेटीच्या मागे, झाकण अर्धंच फिरवलेलं.
भावाचे डोळे आले तेव्हा आणली
की आबाजीचा मोतीबिंदू काढला तेव्हा,
घरात कुणालाच नक्की सांगता येत नव्हतं.
लेबलवरची अक्षरं हळदीच्या बोटांनी खाल्लेली.
मधे एकदा शेजारच्या देवांगनाबाईनं नेली,
गंजभर ताकासोबत परत केली.
एकदा तर बकरीलाही घातली.
बकरी सुधारली.
म्हणजे औषध चांगलं.

चुरणीचे दिवस होते.
मशीनच्या तोंडाशी आई, डोक्याला दुपट्टा,
हवेत धानाचा भुसा,
आणि एक कुसळ, दिसेल न दिसेल असं,
तिच्या उजव्या डोळ्यात.
पदराची गुंडाळी करून तोंडाची वाफ दिली.
डोळा लालच.
"कोनाड्यातली आण वो," आई म्हणाली,
"दवाखान्यात बसून राहिली त आजची रोजी कोन देईन?"

मी आणली. चौदा वर्षांची मी,
नुकतंच शेण टाकून आलेली, हात तसेच.
बाटलीचं टोक पापणीला टेकवून
तीन थेंब, चार, गालावरून ओघळेस्तोवर.
दुसऱ्या दिवशी लाली कमी.
"पाय, उतरलं," ती म्हणाली.
मला केवढा अभिमान.
पाचव्या दिवशी तिनं उन्हाकडे पाठ केली.
आठव्या दिवशी भिंतीकडे तोंड.

तालुक्याच्या दवाखान्यात खोब्रागडे मॅडमनी
बाटली उजेडात धरली, फिरवून फिरवून वाचली,
मग आमच्याकडे न बघता म्हणाल्या,
हे जंतूंचं औषधच नाही, ही सूज दाबायची दवा.
वरून बरं वाटतं, आत जखम सडत जाते.
आणि जंतूंचं असतं तरी?
धानाच्या कुसळासोबत बुरशी जाते डोळ्यात,
तिचं औषध निराळं.
ही उघडून किती दिवस झाले?

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी आईकडे.
तो प्रश्न अजून तिथल्या लोखंडी स्टुलावर
बसून आहे.

आईचं नाव पंचफुला.
नागपूरला दोन महिने, तासातासाला थेंब, रात्रीसुद्धा.
डोळा राहिला. नजर नाही राहिली.
बुबुळावर फूल पडलं.
"पाच होतेच," ती सांगते येणाऱ्याजाणाऱ्याला,
"हे सहावं," आणि हसते.
तू घातलंस, असं तिनं कधी म्हटलं नाही.
म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

परवा माझ्या निहारचे डोळे आले.
सकाळी पापण्या चिपडांनी चिकटलेल्या.
डॉक्टरची चिठ्ठी, नवी बाटली,
सील माझ्या डोळ्यांदेखत फुटलं.
बॉलपेननं लेबलवर तारीख लिहिली,
खाली त्याचं नाव. फक्त त्याचं.
साबणानं हात.
पापणी खाली ओढून, त्या एवढ्याशा खळग्यात
वरूनच एक थेंब, टोक कशालाही न लागता.
एकच मावतो डोळ्यात, बाकी गालाचे.
मग नाकाजवळचा कोपरा दाबून धरायचा
आणि शंभर मोजायचे.
तो अडतीसनंतर एकोणपन्नास म्हणतो,
मी त्याला हळूच मागे आणते.
तिसऱ्या दिवशी डोळे चकचकीत. "आता पुरे ना?"
चिठ्ठीवर सात आहेत, बेटा.

संध्याकाळी देवांगनाबाईची सून आली,
हातात वाटी. ताक नाही, या वेळी दही.
"थोडी दे न वो थे बाटली,
मामाजीचे डोळे लाल झाले."
दही मी ठेवून घेतलं.
बाटली नाही दिली.
गाडीला किक मारली, म्हटलं,
बसव मामाजीले मागं, दवाखाना उघडा हाय.

ओट्यावर आई बसलेली.
चांगला डोळा मिटून,
सहाव्या फुलानं माझ्याकडे पाहिल्यासारखं करत
विचारते,
"किती तारीख हाय वो आज?"